कोकणातली गाडी किलोमीटरवर नाही, महिन्यांवर म्हातारी होते. आगोटीआधी, म्हणजे पावसाळा लागण्याआधी, तुम्ही काय काय करता?

खाडीपलीकडचा

गाव गुहागर तालुक्यात, घर समुद्राच्या इतकं जवळ की रात्री गाज ऐकू येते. वडिलांची ११० सीसीची मोटरसायकल, २०१२ची, पडवीत उभी असते. वडील आता नाहीत, आम्ही सगळे डोंबिवलीला. त्यामुळे गाडीला वर्षातून तीनच हंगाम: शिमगा, मे महिना आणि गणपती. मीटरवर अजून वीस हजारसुद्धा पडलेले नाहीत. डोंबिवलीतली माझी गाडी याच्या तिपटीने पळाली आहे, रस्त्यावर उन्हापावसात उभी असते, तरी तिला एवढा गंज नाही.

या गाडीचा सायलेन्सर खालून सडला. स्पोकांवर तांबेरा. मागचा ब्रेक मारला की शू ड्रमला चिकटून बसतो. काका बिचारे आठवड्यातून एकदा न चुकता किक मारून दोन-तीन मिनिटं गाडी चालू ठेवतात, पडवीतच. वर प्लास्टिकचं जाड कव्हर आहे. म्हणजे काळजी घेतली जाते आहे, असंच आम्ही समजत होतो.

माझा संशय असा की सर्व्हिसिंगचा किलोमीटरवरचा हिशेब आपल्याकडे लागूच पडत नाही. पाऊस तोंडावर आहे. घर शाकारतो, लाकडं भरतो, तशी गाडीची आगोट कशी करायची ते जाणकारांनी सांगावं.

दहा_अकराचा_पाना

दापोलीत गॅरेज आहे. रोज अशाच गाड्या बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे काकांना सांगा की दोन मिनिटं चालू करून बंद करणं थांबवा. पेट्रोल जळलं की धुराबरोबर पाण्याची वाफ निघते. इंजिन आणि सायलेन्सर पुरेसे तापले तर ती वाफ बाहेर पडते. दोन मिनिटांत काहीच तापत नाही, मग ती वाफ सायलेन्सरच्या आतच थंड होऊन तळाशी साठते. त्यात जळक्या वायूंमुळे थोडं आम्लही असतं. सायलेन्सर आतून सडतो तो असा. तुम्ही बाहेरून कितीही पुसा, रंग द्या. बऱ्याच सायलेन्सरना खालच्या अंगाला पाणी गळायला बारीक भोक असतं, ते लाल मातीने बुजलेलं असतं. तारेने मोकळं करा.

हेच पाणी इंजिन ऑइलमध्येही जातं. ऑइलच्या झाकणाला आतून दुधट मलई धरलेली दिसली तर समजा की गाडी सुरू होते पण चालत नाही. चालवायची तर निदान पंधरा-वीस मिनिटं रस्त्यावर चालवा, बाजारात जाऊन या. जमत नसेल तर अजिबात सुरू करू नका. अर्धवट सुरू करण्यापेक्षा नीट झोपवलेली गाडी बरी.

दुसरं कव्हर. प्लास्टिक कव्हराच्या आत घाम येतो. दिवसा जमिनीतली ओल वर चढते, रात्री थंड होऊन पत्र्यावर बसते, आणि किनाऱ्यावर त्या ओलीत मीठ असतं. पडवीला छप्पर आहे ना? मग जुनी सुती चादर पुरे. जमीन मातीची किंवा शेणाने सारवलेली असेल तर चाकांखाली फळी द्या. गाडी मेन स्टँडवर.

तुमचा किलोमीटरचा मुद्दा बरोबर आहे, पण कंपनीला दोष देऊ नका. पुस्तकात किलोमीटरच्या शेजारी महिनेही छापलेले असतात, आणि खाली लिहिलेलं असतं की जे आधी होईल ते. हे वाक्य कोणी वाचत नाही. ऑइल वर्षातून एकदा बदला, गाडी पाचशे किलोमीटर चालली असली तरी. डिस्क ब्रेकचं ऑइल दोन वर्षांनी, कारण ते हवेतली ओल ओढून घेतं आणि आपल्याकडे ओल फुकट आहे.

चौथा_गिअर

पुण्याचा आहे, पण दर डिसेंबरला ताम्हिणीतून खाली उतरतोच. बॅटरीला लावून ठेवायचा स्वयंचलित चार्जर मिळतो, तो घ्या. चांगल्या प्रतीचं हवा खेळती ठेवणारं कव्हर घ्या. टायरसाठी चाक जमिनीवरून उचलून धरणारा पॅडॉक स्टँड. एकदाच खर्च, नंतर चिंता नाही.

दहा_अकराचा_पाना

@चौथा_गिअर, सल्ला चुकीचा नाही, पण पावसात आमच्याकडे वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही, आणि आली की कधी कधी अशी येते की टीव्ही घेऊन जाते. बंद घरात चार्जर लावून डोंबिवलीला झोप लागेल का? त्यापेक्षा बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, बॅटरी काढून काकांच्या घरात कोरड्या फळीवर ठेवा, टर्मिनलला व्हॅसलीन लावा. महिन्या-दोन महिन्यांनी बाजारात नेऊन चार्ज करून आणली की झालं. रिकामी होऊन पडलेली बॅटरी पुन्हा उभी राहत नाही.

ज्यांच्या गाड्या २०२०नंतरच्या, फ्युएल इंजेक्शनच्या आहेत त्यांनी हे जास्त मनावर घ्या. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीची बॅटरी मेली तरी किकवर चालू होते. इंजेक्शनच्या गाडीचा पेट्रोल पंपच बॅटरीवर चालतो. बॅटरी पार मेली असेल तर किक असूनही उपयोग होईलच असं नाही.

तिरफळ

अरे बाबांनो, गाडी म्हणजे लोणचा न्हय, झाकून ठेवलंस काय टिकात. चालवलंस तरच ऱ्हवतली.

बाकीचं प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर रत्नागिरीकर म्हणतील कळलं नाही.

गाडी धुण्याविषयी कोणीच बोललं नाही. मुंबईहून माणूस येतो आणि पहिल्या दिवशी कौतुकाने विहिरीवर गाडी धुतो. किनाऱ्यालगतच्या कितीतरी विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. मालवणजवळ देवबाग बघा, एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे माडांची चिंचोळी पट्टी. अशा ठिकाणी मे महिन्यात विहिरीचं पाणी जिभेला लावून बघा आणि मग ठरवा. मचूळ पाण्याने गाडी धुणं म्हणजे तिला स्वतःच्या हाताने मीठ चोळणं. नळाचं गोडं पाणी दोन बादल्या मिळालं तरी पुरे, पण ते खालून मारा. मडगार्डच्या आत, चेनकव्हरच्या मागे, स्टँडच्या स्प्रिंगला. टाकी चकचकीत करून काय उपयोग, टाकीला कोण खातंय?

आणि धुऊन लगेच चादर टाकू नका. एक फेरी मारून या, वाऱ्याने आणि इंजिनच्या उष्णतेने सगळं सुकू दे.

होडीवाला

आमच्या घरात मासेविक्री. पूर्वी वडिलांकडे एम-८० होती, आता भाऊ स्कूटरवरून दारोदार फिरतो. क्रेटमधल्या बर्फाचं पाणी दिवसभर मागच्या चाकावर आणि चासीवर ठिबकत असतं. ते साधं पाणी नव्हे, खारट. फ्लोअरबोर्डच्या खालचा पाइप आतून कधी पोकळ झाला ते कळतच नाही, बाहेरून रंग शाबूत दिसतो. हातोडीच्या दांड्याने ठोकून बघायचं: खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर वेल्डिंगवाल्याकडे.

आम्ही करतो ते सांगतो. जळकं इंजिन ऑइल आणि थोडं डिझेल एकत्र करून चासीला खालून ब्रशने लावतो, मृगाच्या आधी. फुकटात होतं. आमच्या बंदरात सगळे असंच करतात.

दहा_अकराचा_पाना

@होडीवाला, तुमच्या धंद्याला मान देऊन सांगतो, जळकं ऑइल लावू नका. गंज थांबतो हे खरं, मी नाही म्हणत नाही. पण जळक्या ऑइलमध्ये आम्ल आणि धातूची कीस असते, डिझेलने रबरी बुश आणि वायरवरचं आवरण फुगतं, आणि त्यावर लाल धूळ बसली की अशी काळी पुटं चढतात की त्याखाली काय चाललंय ते मिस्त्रीलाही दिसत नाही. पावसात तेच धुऊन रस्त्यावर येतं, मागून येणारा दुचाकीवालाच घसरतो. एखादा थेंब ड्रममध्ये गेला तर ब्रेक गेला.

चासीसाठी गंजरोधक स्प्रे मिळतो, नाहीतर सरळ साधं ग्रीस पातळ हाताने. नटबोल्टच्या आट्यांना ग्रीस लावून मगच बसवा, विशेषतः लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियमच्या भागात जातो तिथे. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी असलं की ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते आणि बोल्ट असा जाम होतो की खोलताना मुंडी तुटून हातात येते. माझं निम्मं काम असे तुटलेले बोल्ट काढण्याचं आहे.

होडीवाला

स्प्रेचा डबा एका गाडीला एका पावसात संपतो, त्याची किंमत बघा आणि मग बोला. जळकं ऑइल तुमच्याच गॅरेजमधून येतं. 😄 ब्रेकला आम्ही जपतो, तिकडे ब्रश नेत नाही. गंज आणि पोट यात पोट आधी. पण ग्रीसचं ठीक वाटतं, भावाला सांगतो.

सड्यावरची

मी शिक्षिका. रत्नागिरीहून आरे-वारे रस्त्याने नेवऱ्याच्या बाजूला रोज स्कूटरने जाते-येते. इथे सगळे उभ्या गाडीबद्दल बोलत आहेत, तर चालत्या गाडीचंही थोडं ऐका.

आरे-वाऱ्याचे उतार पाहिलेत ना? वर सडा, म्हणजे कातळाचं पठार, खाली समुद्र. अनेक जण पेट्रोल वाचवायला उतारावर स्कूटर बंद करतात. माझ्या शाळेतही होते असे महाभाग. गिअरच्या गाडीत उतारावर दुसरा गिअर टाकला की इंजिन चाकाला धरून ठेवतं. स्कूटरलाही ते थोडं मिळतं, पण इंजिन चालू असेल आणि क्लच धरलेला, म्हणजे इंजिन चाकाशी जोडलेलं असेल तोवरच. स्कूटरचा क्लच इंजिनच्या फिरण्यावर आपोआप धरतो आणि सुटतो. इंजिन बंद केलंत की क्लच सुटला, आता सगळं वजन ब्रेकवर. फार हळू उतरतानाही तो सुटतो आणि गाडी एकदम मोकळी धावल्यासारखी वाटते. तेव्हा घाबरून ब्रेक आवळण्याऐवजी अगदी किंचित ॲक्सिलेटर देऊन सोडायचा, क्लच पुन्हा धरतो, इंजिन पुन्हा अडवायला लागतं. ही युक्ती मला आमच्या मेकॅनिकने शिकवली, आणि ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये का शिकवत नाहीत देव जाणे.

सतत ब्रेक दाबून उतरलं तर ड्रम तापून ब्रेक लागेनासे होतात. आता १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना निदान सीबीएस असतो (एप्रिल २०१९पासून सक्तीचा आहे), डावा लिव्हर दाबला की पुढचा-मागचा दोन्ही लागतात. तरी दाबा-सोडा, दाबा-सोडा हेच बरं.

पावसाळ्यात मला खड्ड्यांपेक्षा भीती दोन गोष्टींची. झाडांखालच्या रस्त्यावरचं शेवाळ, जे भर दुपारीही दिसत नाही. आणि चिऱ्याच्या खाणीतून निघालेल्या ट्रकच्या चाकांचा लाल चिखल. पहिला पाऊस पडला की तो रस्ता म्हणजे साबण. तिथे ना ब्रेक, ना ॲक्सिलेटर, ना हँडल वळवायचं. सरळ जायचं.

खाऱ्या वाऱ्याचं म्हणाल तर माझ्या स्कूटरच्या समुद्राकडच्या बाजूचे स्क्रू आधी गंजतात. शाळेत ती रोज एकाच दिशेने उभी असते.

चौथा_गिअर

समुद्राकडच्या बाजूचे स्क्रू, हे भारी निरीक्षण आहे. बरं, आम्ही कर्दे किंवा आंजर्ल्याला ओहोटीच्या ओल्या, कडक वाळूवर गाडी घालतो, फोटो काढतो. लगेच धुतली तर चालतं ना?

तिरफळ

नाय चालत. वाळू चेनमध्ये, ड्रममध्ये, बेअरिंगमध्ये शिरते, ती बादलीभर पाण्याने निघत नाही. आणि ओली वाळू कडक आहे असं वाटता वाटता गाडी रुतते, भरती काही तुमच्यासाठी थांबत नाही. शिवाय आंजर्ले आणि वेळास ही कासवांची गावं. हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले अंडी घालायला वर येतात, पिल्लं निघतात मार्च-एप्रिलपर्यंत. चाकोरीच्या खोल पट्ट्यात पिल्लू पडलं तर समुद्रापर्यंत पोचत नाही. फोटो रस्त्यावरून काढा, माड मागे येतातच.

वाशिष्ठीकाठ

चिपळूणचा आहे. २२ जुलै २०२१ला बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा हजारो गाड्या बुडाल्या. बुडालेल्या गाडीविषयी लिहितो, कारण वाशिष्ठी पुन्हा चढणार नाही असं कोणी लिहून दिलेलं नाही.

पाणी उतरलं की माणसाचा हात आधी किल्लीकडे जातो. जाऊ देऊ नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्याने जे बिघडलं नव्हतं ते स्टार्टरने बिघडतं. आधी बॅटरीची वायर सोडा. प्लग काढा, मग हळूहळू किक मारा, प्लगच्या भोकातून पाणी उडेल, उडू द्या. ऑइल काढा. ते चहाच्या रंगाचं झालं असेल तर पाणी आत गेलंय. नवं स्वस्त ऑइल भरा, थोडा वेळ चालवा, तेही काढा, मग चांगलं भरा. एअर फिल्टर कागदी असेल तर फेकून द्या. पेट्रोल टाकी पूर्ण रिकामी करा. स्कूटर असेल तर बेल्टचं झाकण उघडून आतला गाळ धुऊन सुकवा, नाहीतर बेल्ट घसरतो. दोन्ही ड्रम उघडा. आमच्या पुराचा गाळ असा होता की वाळला की सिमेंट, म्हणून तो ओला असतानाच धुऊन काढणं महत्त्वाचं.

आणि विमा. ज्यांचा फक्त थर्ड पार्टी होता त्यांना काही मिळालं नाही, कारण पुराचं नुकसान त्यात येतच नाही. पूर्ण विमा होता त्यांच्यातही ज्यांनी पाण्यात गाडी सुरू करून पाहिली होती त्यांना इंजिनच्या खर्चावर अडवलं गेलं. इंजिनसाठी वेगळं जादा संरक्षण घ्यावं लागतं. फोटो काढून, कंपनीला कळवूनच गाडी हलवायची.

मी_तलाठी_नाही

नाव वाचून सातबारा विचारू नये.

@खाडीपलीकडचा, तुमच्या पोस्टमधली एक गोष्ट सगळ्यांनी सोडून दिली. वडील नाहीत आणि गाडी त्यांच्या नावावर आहे? कोकणात निम्म्या गाड्या दिवंगतांच्या नावावर पळतात. नियमाप्रमाणे मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्यायची. मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. उशीर झाला असेल तर दंड भरून होतं, पण करा. उद्या तुमच्या चुलतभावाने एखाद्या म्हातारीला धक्का दिला तर विम्याचा वाद तिथूनच सुरू होईल.

२०१२ची गाडी म्हणजे २०२७ला पंधरा वर्षं भरतील. नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म २५वर, मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत अर्ज करता येतो, गाडी तपासणीला न्यावी लागते. तेव्हा सडका सायलेन्सर चालणार नाही. २०१९ आधीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेटही लागते. या सगळ्यात विमा आणि पीयूसी गणपतीत आठवतात आणि तेव्हा पीयूसीवाल्याकडे रांग असते.

खाडीपलीकडचा

सगळ्यांचे आभार. कागदपत्रांचं खरंच डोक्यात नव्हतं, आईला आणि बहिणीला आजच फोन केला. कव्हर काढायला सांगितलं, तर काकांनी त्याच्या आत उंदराचं बिऱ्हाड असल्याचं कळवलं. वायर शाबूत आहेत म्हणतात.

चुलतभाऊ शृंगारतळीला बाजारासाठी आठवड्याला जातोच, तो आता याच गाडीने जाईल. प्रश्न उरला तो जुलै-ऑगस्टचा, तेव्हा तो भातलावणीत आणि नंतर बंदरावर असतो. त्या काळात टाकी भरून ठेवू की रिकामी करू? इथे दोन्ही मतं ऐकली आहेत. दुसरं, प्लग खोलायला गेलो होतो मागच्या खेपेस, हलतच नाही.

दहा_अकराचा_पाना

दोन महिन्यांसाठी काठोकाठ भरा. लोखंडी टाकीत जितकी रिकामी जागा तितकी दमट हवा, आणि रात्री तिचंच पाणी आतल्या पत्र्यावर बसतं. अर्धी टाकी सगळ्यात वाईट. मात्र आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि इथेनॉल पाणी ओढतं. फार पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र तळाशी बसतं, नेमकं टाकीखालच्या पेट्रोलच्या कॉकच्या तोंडाशी. म्हणून चार-सहा महिने भरून ठेवायची चूक करू नका, तेवढ्या काळासाठी रिकामी करून आतून ऑइलचा हात फिरवलेला बरा. भरल्यावर कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. नाहीतर त्यातलं पेट्रोल सुकून जेटमध्ये डिंकासारखं बसतं आणि गणपतीत तुम्ही किका मारत बसता. टाकीच्या झाकणातलं हवेचं बारीक भोक बघा, कुंभारमाशी तिथे माती भरते. सायलेन्सरच्या तोंडाला फडक्याचा बोळा द्या, आणि तो काढायची आठवण म्हणून किल्लीला लाल दोरा बांधा.

टायरही बघून घ्या. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१२ असेल तर तो २०१२च्या तेविसाव्या आठवड्यातला, म्हणजे गाडीबरोबर आलेला. नक्षी कितीही खोल दिसू दे, रबर लाकूड झालंय. ओल्या रस्त्यावर धरणार नाही.

प्लगला जोर लावू नका. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये लोखंडी प्लग जाम झालाय, आटे उपटून आले तर हेडचं काम निघेल. भोवती गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी इंजिन कोमट असताना नेमक्या मापाच्या प्लग पान्याने थोडं सैल, थोडं घट्ट असं करत बघा. तरी हलला नाही तर हात लावू नका, धोपावे-दाभोळ फेरीबोटीने इकडे घेऊन या, दाभोळहून दापोली काही लांब नाही. फेरीवर गाडी गिअरमध्ये ठेवा, मेन स्टँडवर नको, आणि पुढच्या दरवाजाजवळ उभी करू नका, तिथे पाणी उडतं. येणार असाल तर मे संपायच्या आत या. जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्धा तालुका माझ्या दारात असतो.

खाडीपलीकडचा

रविवारी सकाळच्या फेरीने येतो. प्लग नवा आणू की तुमच्याकडे आहे?

दहा_अकराचा_पाना

आहे. मागचे ब्रेक शू मात्र घेऊन या, तुमच्या मॉडेलचे इकडे लवकर मिळत नाहीत.